एकतिसाव्या वर्षी सेवानिवृत्त

मंठा,
९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप काकासाहेब दाजी यांना,
मेहुणी सत्यशीला हिचा सविनय जयभीम.

तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, असं अक्कानं कळवलं. वाचून बरं वाटलं. डॉक्टरांनी महिनाभर वाचन बंद सांगितलं आहे, असंही तिनं लिहिलं होतं. तेव्हा हे पत्र उजव्या डोळ्यानं वाचावं. लांब आहे, पण तो डोळा सध्या रिकामाच आहे. अक्काच्या गुडघ्यांना आराम आहे का? खाली बसून भाकऱ्या थापू नकोस, असं तिला मी मागच्या दिवाळीतच बजावलं होतं. ती ऐकत नसेल तर परात वरच्या फळीवर ठेवून द्या. इकडे मी, सून दीपमाला आणि नात अशा आम्ही तिघी खुशाल आहोत. नातीला दोन दाढा येत आहेत आणि त्याची बातमी ती सबंध गल्लीला देते आहे.

फोनच केला असता. पण फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला "मुद्द्याचं बोल" म्हणता, आणि या प्रकरणात मुद्दा बराच आत आहे. शिवाय वकिलाला सगळं पहिल्यापासून सांगावं, काही गाळू नये, हे तुमचंच म्हणणं. म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही लिहिते.

आमचा भारत रामनिवास शेठच्या डाळमिलमध्ये सहा वर्षांपासून गेटवर आहे. कामगारांची हजेरी घ्यायची, तुरीच्या गाड्या आत घ्यायच्या, डाळीच्या बाहेर सोडायच्या. त्याखेरीज तो टेरिटोरियल आर्मीत आहे, म्हणजे वर्षातले दोन महिने वर्दी आणि दहा महिने गेट. गेल्या जूनमध्ये मात्र त्याला पुरं बोलावणं आलं. अमुक तारखेला हजर व्हा, पुढचा हुकूम होईपर्यंत तिथंच. कुठे, ते त्यानं सांगितलं नाही. फोनवर एवढंच म्हणतो की इथं थंडी आहे.

अशा वेळी मालकानं करायचं ते फार साधं असतं. रजा लिहायची आणि जागा राखायची. पण रामनिवास शेठ भावनेचे मनुष्य. (त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, तेव्हा उंटावरून फक्त भावनाच घेऊन आले असावेत. बाकीचं सगळं त्यांनी इथं कमावलं.) बोलावण्याचा कागद हातात घेऊन ते उभे राहिले, डोळे पुसले आणि मुनीमजींना म्हणाले, "श्रेणिकभाऊ, आपला माणूस सरहद्दीवर चालला. प्रोग्राम झालाच पाहिजे. बिलकुल दणक्यात." घोटाळ्याला सुरुवात झाली ती इथं, कारण त्या मिलमध्ये चाळीस वर्षांत एकाच प्रकारचा प्रोग्राम होत आलेला आहे, आणि तो म्हणजे सेवानिवृत्तीचा.

त्याचं सगळं ठरलेलं असतं. मंडपवाला ठरलेला, फेटा बांधणारा ठरलेला, पेढे ठरलेले. भाषणाचा एक कागद श्रेणिकभाऊंनी प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवला आहे. त्यात नावापुरती जागा मोकळी आहे. तिथं ते स्केचपेननं नाव लिहितात आणि समारंभ झाला की ओल्या फडक्यानं पुसतात. (भारतच्या नावाखाली आधीच्या माणसाचं नाव पुसट दिसत होतं. मी पहिल्या रांगेत होते.) तोच कागद त्यांनी खणखणीत आवाजात वाचला. एकतीस वर्षांच्या, घरी वर्दी इस्त्री करून ठेवलेल्या माणसाला त्यांनी सांगितलं की आता शरीर थकलं आहे, यापुढं जड उचलू नये, पथ्यपाणी सांभाळावं आणि उरलेला काळ नातवंडांत आनंदानं घालवावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भारतनंही वाजवल्या. मग शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, छत्री आणि वेताची काठी. सरहद्दीवर निघालेल्या जवानाला वेताची काठी, दाजी! घड्याळ घेतलं की एका छापील कागदावर सही करायची, अशी तिथली रीत. "वयोमानानुसार सेवेतून निवृत्त होत आहे", असं त्यावर छापलेलं आहे. भारतनं न वाचता सही ठोकली. (फौजेत बंदूक देण्याआधी कागद वाचायला शिकवत नाहीत का, असं मी त्याला नंतर फोनवर विचारलं. तो म्हणाला, "आई, रेंज जाऊन राह्यली.") शेवटी ट्रॅक्टरवर बसवून, बँड लावून, गावभर मिरवून त्याला घरी आणून सोडला.

आता तुम्ही विचाराल, सत्यशीला, तू तिथं होतीस, मग बोलली का नाहीस? तेहतीस वर्षं मी एसटीत काढली, त्यातली वीस वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडीला चुकीची पाटी लागली तर स्टँडच्या दुसऱ्या टोकाहून ओरडणारी बाई मी. विचारणं रास्त आहे. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी भारतकडेच बघत होते. बाकीचं कानावर आलं, पण डोक्यात शिरलं नाही. (धूळही फार होती.)

जानेवारीत भारतचा फोन आला की फेब्रुवारीअखेर सुटका आहे, शेठला सांगून ठेव. मी दुसऱ्याच दिवशी साडेनऊला मिलवर गेले. गेटवर सर्जेराव नावाचा कोणी नवा माणूस दोन खुर्च्या जोडून पडला होता. त्याला ओलांडून ऑफिसात गेले. तिथं भिंतीवर निवृत्त कर्मचाऱ्यांचे सहा फोटो, आणि सहावा भारतचा. समारंभातला हार वाया जाऊ नये म्हणून कोणीतरी तो फोटोला घालून ठेवलेला. दाजी, बाकी सगळं मी पुढे हसण्यावारी नेलं. हे नेलं नाही. खुर्ची ओढली, वर चढले, हार काढला, खाली उतरले आणि मग श्रेणिकभाऊंना नमस्कार केला.

ते बिचारे गोंधळले. म्हणाले, "मावशी, भारत तर रिटायर झाला ना? रिटायर माणूस वापस आला, असं ह्या मिलमधी कधी घडलंच न्हाई." मी म्हटलं, एकतिसाव्या वर्षी रिटायर झाला, असं तरी कधी घडलं होतं? त्यांनी कपाटातून सहीचा कागद काढून दाखवला. सही भारतचीच. अक्षर गिचमिड, म्हणजे शंकाच नाही.

मी तडक जालन्याला गेले आणि तिथल्या एका पोराकडून १९४८ सालचा टेरिटोरियल आर्मीचा कायदा छापून आणला. कलम सात, त्यातलं सात-अ, मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा इंग्रजी समजावं म्हणून, दुसऱ्यांदा कायदा समजावा म्हणून आणि तिसऱ्यांदा निव्वळ आनंदासाठी. (बी.ए.ला माझं राज्यशास्त्र होतं. पंचेचाळीस वर्षांनी त्याला काम लागलं.) तुम्हाला मी काय सांगणार, पण काय सुरेख कलम आहे हो! असं बोलावणं आलेल्या माणसाला मालकानं लागेल तेवढी रजा द्यायचीच, आणि तो परतला की कामावर घ्यायचंच. मालकानं नकार दिला तर प्रकरण नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे जातं. परत घ्या, असा हुकूम तो देऊ शकतो, नाहीतर सहा महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई द्यायला लावू शकतो. आणि सगळ्यात गोड भाग पुढेच आहे. बोलावणं आल्यानंतर मालकानं माणसाला नोकरीतून दूर केलं, तर ते कायदा चुकवायलाच केलं असं धरून चालायचं. तसं नव्हतं, हे सिद्ध करणं मालकाच्या डोक्यावर. मी चार पानी नोटीस लिहिली आणि रामनिवास शेठच्या हातात नेऊन दिली.

शेठनी चष्मा लावून ती वाचली, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला. म्हणाले, "मी कायदा चुकवून राह्यलो? मी? ताईसाहेब, बँड लावून कुणी कायदा चुकवतं का? दोन घंटे ट्रॅक्टर फिरवला मंठ्यात!" मी कायदा पुन्हा उलटसुलट चाळून पाहिला. कलम सातमध्ये बँडचा उल्लेख नाही.

त्यांची अडचण वेगळीच निघाली. भारतला परत घ्यायला ते एका पायावर तयार होते. पण ज्याला मंडपात चारशे लोकांदेखत निरोप दिला, त्याला गुपचूप मागच्या दारानं आत घ्यायचं, तर सत्काराला अर्थ काय राहिला? उद्या बाकीचे पाचही निवृत्त येऊन उभे राहतील, असं ते म्हणाले. ही भीती मी उडवून लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही निवृत्त गेटवर हजर होते. भारत परत येतोय हे गावात पसरलं होतं. सगळ्यात पुढे पानबाई, वय चौऱ्याहत्तर, मिलनं दिलेली काठी टेकत. म्हणाली, "शेठ, मी त्या दिवशी नुसती हो म्हनले व्हते. माझं मन न्हवतं." त्यांना चहा पाजून, कलम सात समजावून, घरी पाठवता पाठवता दुपार झाली. पानबाईला शेवटपर्यंत पटलं नाही. सैन्यात भरती कुठं होते, असं विचारून गेली.

मग शेठनीच तोड काढली. मंडपात दिलेलं मंडपातच वापस घ्यायचं. चारशे लोकांसमोर निरोप दिला, तर चारशे लोकांसमोर रद्द करायचा. शाल, श्रीफळ, घड्याळ, छत्री, काठी, सगळं परत आलं की श्रेणिकभाऊ सहीचा कागद सगळ्यांदेखत फाडणार, आणि भारत जूनपासून रजेवर आहे असं लिहून देणार. मी ताबडतोब हो म्हटलं. घरी येऊन मोजदाद केली तेव्हा कळलं की शाल आणि घड्याळ जागेवर आहे. श्रीफळाची त्याच आठवड्यात चटणी झाली होती. (नवं आणलं. शेठ म्हणाले, चालेल, नारळाला कोण ओळखून राह्यलं.) आणि छत्री नि काठी दीपमालानं तिच्या वडिलांना केदारखेड्याला देऊन टाकली होती.

केदारखेडा म्हणजे भोकरदन तालुका. मंठ्याहून जालना, जालन्याहून पुढं, दोन गाड्या. त्यातली दुसरी अठरा मिनिटं उशिरा सुटली. त्याबद्दल मी तिथल्या नियंत्रकाला चार शब्द सांगितले आणि त्यानं ते लिहून घेतले, कारण मीच त्याला बारा वर्षांपूर्वी शिकवलं होतं. छत्री लगेच मिळाली. काठी मात्र व्याही सोडेनात. ती काठी घेऊन ते रोज सकाळी फिरायला जातात, आणि जावयाकडून आलेली वस्तू परत द्यायची म्हणजे त्यांना कमीपणा वाटत होता. म्हणाले, "ईनबाई, दिलेलं वापस मागतेत का कुठं?" मी पिशवीतून कायदा काढला आणि तुमच्या जावयाची नोकरी या काठीवर टेकली आहे, असं सांगून कलम सात अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. दुसऱ्या वाचनाला त्यांनी काठी दिली. तिसऱ्याला मला स्टँडवर सोडायला आले.

समारंभ झाला, दाजी, आणि असा समारंभ मराठवाड्यात आजवर कोणी पाहिला नसेल. भारत नसल्यामुळे त्याच्या जागी मी. आधी माझ्या अंगावर शाल घातली आणि मग शेठनी ती टाळ्यांच्या गजरात काढून घेतली. मी श्रीफळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सवयीनं ते मलाच परत दिलं. मी पुन्हा दिलं. असं तीनदा झाल्यावर श्रेणिकभाऊंनी मध्ये पडून ते काढून घेतलं. फेट्याचा प्रश्न निघाला. बांधलेला नव्हताच, तर सोडायचा कसा? शेवटी फेटेवाल्यानं मला फेटा बांधला आणि लगेच सोडला, दोन्हीची हजेरी लावली. भाषणाचा तोच प्लास्टिकचा कागद श्रेणिकभाऊंनी जागच्या जागी फिरवून वाचला. शरीर थकलेलं नाही. जड उचलावं. पथ्य पाळण्याचं कारण नाही. नातवंडांना अवकाश आहे. लोक खुर्च्यांवरून पडायचे राहिले होते. मग त्यांनी सहीचा कागद काढला, डोक्यावर धरून चारही बाजूंना दाखवला आणि टर्रकन फाडला. बँड वाजला. ट्रॅक्टर मला घ्यायला घरी आला होता, आणि मिरवणूक घराकडून मिलकडे निघाली होती, हे सांगायचं राहिलंच. उलट क्रमानं.

इथं प्रकरण संपायला हवं होतं. पण त्या गर्दीत कोणीतरी सर्जेरावला सांगितलं की फौजीच्या जागेवर बसलेल्या माणसाला मिलिटरीची गाडी येऊन घेऊन जाते. त्यानं शिट्टी आणि किल्ल्या माझ्या मांडीवर टाकल्या आणि तो सासुरवाडीला गेला. अजून आलेला नाही. ऐन तुरीचा हंगाम, गेटबाहेर ट्रॅक्टरची रांग थेट चौकापर्यंत, आणि गेट मोकळं. शेठ माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "ताईसाहेब, जागा राखा, जागा राखा, असं चार पानं लिहिलं ना तुमी? मंग आता राखा."

मी दुपारपुरती बसले. आज त्याला चोवीस दिवस झाले.

दाजी, काय अव्यवस्था होती म्हणून सांगू! गाड्या कुठूनही घुसत होत्या, हजेरीत सगळ्यांची वेळ सारखी, ज्याचा हॉर्न मोठा तो पुढे. मी पहिल्याच दिवशी चुन्यानं चार फलाट आखले. मंडपवाल्याचा भोंगा परत गेला नव्हता, तो गेटवर बसवला. आता सकाळी आठपासून घोषणा चालू. तळणीहून आलेला लाल ट्रॅक्टर फलाट क्रमांक दोनवर लागलेला आहे, चालकांनी नोंद घ्यावी. डाळ घेऊन परभणीकडे जाणारा ट्रक सुटण्याच्या तयारीत आहे. शेतकरी फलाटावर शिस्तीत उभे राहतात. काही नुसते ऐकायला येतात. शेठचे चिरंजीव कल्याण पहिल्या दिवशी दहा वीसला आले. मी उशिराचा शेरा मारला. ते वडिलांकडे तक्रार घेऊन गेले, तर वडील स्वतःच दहा पंचवीसला आले होते. दोघांनी निमूट सही केली. आता दोघंही पावणेदहाला गेटबाहेर उभे असतात. आतापर्यंत एकही गाडी काम न होता परत गेलेली नाही. लोक मला कंडक्टर मावशी म्हणतात. (मी वाहतूक नियंत्रक होते, वाहक नव्हते. सांगून थकले.)

सात वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले, तेव्हा मलाही शाल आणि श्रीफळ मिळालं होतं. ते परत करता येतं, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

असो. भारतची नोकरी शाबूत आहे, हे कळवायला हे पत्र. अक्काला नमस्कार. डोळ्यात थेंब वेळच्या वेळी घालत जावेत. तुमचं "वेळच्या वेळी" म्हणजे काय, ते मला माहीत आहे, म्हणून घड्याळ लावून घालावेत.

तुमची,
सत्यशीला

ता. क. १ : सोबत दोन किलो तूरडाळ पाठवते आहे. मिलची, पहिल्या प्रतीची. ती तुम्ही स्वीकारली, असं गृहीत धरते.

ता. क. २ : एक बारीकसं राहिलं. गेटचं काम इतकं सुरळीत झालं आहे की शेठनी ठरवलं आहे, भारतला आत गोदामावर सुपरवायझर करायचं, पगार वाढवायचा आणि गेट माझ्याकडेच ठेवायचं. सगळ्यांना पसंत आहे. भारतला नाही. परवा त्याचा फोन आला. रेंज एकदम स्वच्छ होती. त्यानंही कलम सात वाचलं आहे. नुसतं परत घेणं पुरत नाही म्हणतो, आधीच्यापेक्षा वाईट नसलेल्या अटींवर घ्यायला लागतं, तसं त्यात लिहिलेलं आहे. (लिहिलेलं आहे. मी ती ओळ तीनही वेळा भरभर वाचली होती.) पूर्वी तो कामावर येताना त्याची हजेरी तोच लिहायचा. आता आई लिहिणार, भोंग्यावरून. यापेक्षा वाईट अट भारतीय सैन्याच्या कोणत्याही जवानावर आजवर लादली गेलेली नाही, असं त्याचं म्हणणं, आणि घरी आल्याबरोबर तो अंबडला तुमच्याकडे येणार आहे, वकीलपत्र घेऊन. मला वाटतं, तो जिंकेल. म्हणून तर एवढं सविस्तर लिहिलं. एका पक्षानं आपली सगळी हकिकत वकिलाला विश्वासानं सांगितली आणि फीही पोचती केली, तर त्या वकिलाला त्याच प्रकरणात दुसऱ्या पक्षाकडून उभं राहता येत नाही, असं मी ऐकून आहे. तुम्ही हे पत्र आता इथपर्यंत वाचलेलं आहे. डाळ मिळाल्याची पोच द्यावी.

ता. क. ३ : दोन मार्चला काही निरोप द्यायचा असला तर मिलच्या गेटवर फोन करू नये. त्या दिवशी मी रीतसर अर्ज देऊन रजा घेतली आहे. प्रतिपक्षाला उतरवून घ्यायला जालना स्टेशनवर जायचं आहे. गाडी अकराची आहे. मी आठपासून तिथं असेन.